देखणं टेबल वन

माझ्या पीएच.डी.च्या प्रबंधात एक तक्ता आहे. आमच्या धंद्यात त्याला सगळे 'टेबल वन' म्हणतात, मग तो कितव्या पानावर का असेना. क्ष-किरणांनी प्रथिनाच्या स्फटिकाची रचना काढली, की मोजमापं कितपत भरवशाची आहेत ते सांगणारे आकडे त्यात मांडायचे असतात. माझा तक्ता फार देखणा आहे. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी त्यावर बोट ठेवून "व्हेरी क्लीन डेटा" असं म्हटलं होतं, आणि त्या दिवशी मी घरी पेढे नेले होते.

तो देखणा दिसावा म्हणून मी दोन तृतीयांश मोजमापं टाकून दिली होती. कुणाच्या दबावाखाली नाही. लबाडी करतेय असं तर मनातही आलं नाही. उलट घर झाडून स्वच्छ केल्यासारखं वाटलं होतं.

ज्यांचा या विषयाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. प्रथिनाचा स्फटिक मिठाच्या खड्याहूनही बारीक असतो. तो नायलॉनच्या एवढ्याशा फाशात उचलायचा, नायट्रोजनच्या थंड झोतात १०० केल्व्हिनला गोठवायचा आणि क्ष-किरणांसमोर धरून थोडा थोडा फिरवत राहायचं. दर अर्ध्या अंशाला मागच्या डिटेक्टरवर एक चित्र उमटतं. त्याला फ्रेम म्हणतात. काळ्या ठिपक्यांची नक्षी असते ती. कुठला ठिपका किती गडद, यात रेणूची सगळी माहिती दडलेली असते. स्फटिकाला सममिती असल्यामुळे एकाच किमतीचे ठिपके निरनिराळ्या फ्रेमवर पुन्हा पुन्हा येतात. म्हणजे तीच गोष्ट आपण दोनदा, चारदा, दहादा मोजतो. मग साहजिक प्रश्न येतो, की ही मोजमापं आपसात जुळतात का? आणि जुळतात म्हणजे किती?

या 'किती'ला १९६८पासून एक आकडा आहे, आर-मर्ज. उली आर्न्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो आणला तेव्हा फिल्मचा जमाना होता. हिशोब सोपा आहे. एका ठिपक्याच्या सगळ्या मोजमापांची सरासरी काढायची, प्रत्येक मोजमाप त्या सरासरीपासून किती ढळलं ते बघायचं, सगळी ढळ एकत्र करून एकूण तीव्रतेने भागायची. पाच टक्के आलं तर छान. बाहेरच्या शेलमध्ये, म्हणजे सर्वांत बारीक तपशील देणाऱ्या पण सर्वांत फिकट ठिपक्यांच्या पट्ट्यात, तो आकडा चढतो. मी शिकले तेव्हा प्रयोगशाळेत एक अलिखित नियम होता, की बाहेरच्या शेलचा आर-मर्ज चाळिसाच्या वर गेला की तिथे कात्री लावायची. का, हे मी विचारलं नाही. आमच्या सरांनाही त्यांच्या सरांनी तेवढंच सांगितलं असावं.

माझा स्फटिक एका एन्झाइमचा होता आणि त्यात आमच्याच संस्थेतल्या रसायनशास्त्राच्या एका मित्राने बनवलेला इन्हिबिटर, म्हणजे एन्झाइमचं काम रोखणारा रेणू, भिजवलेला होता. पुण्यातल्या आमच्या यंत्रावर ते स्फटिक जेमतेम दिसत. शिवाय गुरुवारी वीज जायची, म्हणजे लांबलचक डेटा घ्यायचा तर वार बघून. म्हणून युरोपातल्या एका सिंक्रोट्रॉनवर, म्हणजे प्रखर क्ष-किरण देणाऱ्या मोठ्या यंत्रावर, मिळालेल्या एका रात्रीच्या बीमटाइमची आम्ही वर्षभर वाट पाहिली होती. पहाटे साडेतीनला, व्हेंडिंग मशीनच्या कडू कॉफीवर, मी त्या स्फटिकाचे १८० अंश घेतले. ३६० फ्रेम्स.

परत आल्यावर गणित बसवलं. २.५ अँगस्ट्रॉमला (हा आकडा जितका लहान, तितका तपशील बारीक) बाहेरच्या शेलचा आर-मर्ज ६८ टक्के. छातीत धस्स झालं. मग खेळ सुरू केला. शेवटच्या फ्रेम्स काढून बघितल्या, आकडा उतरला. आणखी काढल्या, आणखी उतरला. पहिल्या १२० फ्रेम्सच ठेवल्या तेव्हा तो पन्नाशीला आला. मग २.८ अँगस्ट्रॉमला कात्री लावली आणि आकडा अडतीसवर थांबला. नियमात बसला. मी त्याच दुपारी तक्ता टाइप केला.

मी काय केलं होतं ते आता सावकाश सांगते, कारण ही चूक आजही माझ्याकडे येणारा दर तिसरा विद्यार्थी करतो.

समजा, एक फिकट ठिपका आहे आणि त्याच्या प्रत्येक मोजमापात जितका खरा संकेत आहे तितकाच गोंगाट आहे. असा ठिपका फक्त दोनदा मोजला, तर आर-मर्ज साधारण ५६ टक्के येईल. चारदा मोजला तर ६९. सोळा वेळा मोजला तर ७७. म्हणजे जितके कष्ट जास्त, तितका आकडा वाईट! पण प्रत्यक्षात सोळा मोजमापांची सरासरी दोन मोजमापांच्या सरासरीपेक्षा कितीतरी पक्की असते. संकेत आणि गोंगाट यांचं गुणोत्तर दोन मोजमापांनी १.४ होतं, सोळांनी ४. मग आर-मर्ज उलटा का बोलतो? कारण तो ज्या सरासरीपासून ढळ मोजतो, ती सरासरी त्याच मोजमापांनी बनलेली आहे. दोनच मोजमापं असतील तर सरासरी त्यांच्या बरोब्बर मध्ये बसते आणि दोन्ही तिच्या जवळचीच वाटतात. घरचाच उमेदवार, घरचाच परीक्षक. मोजमापं वाढली की सरासरी खऱ्या किमतीकडे सरकते आणि प्रत्येकाची खरी ढळ उघडी पडते.

म्हणजे मी फ्रेम्स काढत गेले तेव्हा डेटा सुधारत नव्हता. परीक्षक उमेदवाराच्या घरी राहायला जात होता.

यावरचा उपाय मी प्रबंध लिहिण्याच्या कितीतरी आधी छापून आलेला होता, हे जास्त लागतं. १९९७ साली के डिडरिक्स आणि ॲण्ड्र्यू कार्प्लस यांनी आर-मीझ सुचवला. यात प्रत्येक ठिपका किती वेळा मोजला ते लक्षात घेऊन आर-मर्जला एका गुणकाने दुरुस्त करतात. मोजमापांची संख्या 'न' असेल तर 'न' भागिले 'न वजा एक' याचं वर्गमूळ, एवढंच. वरच्या उदाहरणात तो दोन, चार, सोळा, कितीही वेळा मोजा, ८० टक्केच राहतो. निदान खोटं तरी बोलत नाही. मान्फ्रेड वाइस यांचा आर-पिम त्याच्या पुढे जातो. एकेका मोजमापाचं सोडा, सगळ्यांची सरासरी किती पक्की, ते तो सांगतो. तिथे आकडे ५६, ४०, २० असे उतरत जातात. कष्ट केले की फळ दिसतं. मी टाकून दिलेल्या २४० फ्रेम्सचं फळ आर-पिममध्ये दिसलं असतं. पण माझ्या तक्त्यात तो रकानाच नव्हता.

दुसरी गोष्ट आणखी मूलभूत आहे आणि ती समजायला मला कित्येक वर्षं लागली. रचना बसवून झाल्यावर मॉडेल आणि मोजमापं किती जुळतात हे सांगणारा आकडाही 'आर'च असतो. आर-वर्क आणि आर-फ्री. त्यातला आर-फ्री म्हणजे पाचेक टक्के ठिपके बाजूला ठेवून, मॉडेलला ते न दाखवता घेतलेली परीक्षा. ती १९९२ साली ॲक्सेल ब्रुंगर यांनी आणली. आता आडनाव एक म्हणून आपण नातं गृहीत धरतो. मॉडेलचा आर २० टक्के चांगला, तर मोजमापांचा ४० टक्के वाईट असणारच, असं मनात बसतं. पण दोघांचं नातं काही नाही. मॉडेलचा आर ठिपक्याच्या तीव्रतेच्या वर्गमुळावर, म्हणजे आयामावर काढतात आणि त्याला छत आहे. अणू अंदाधुंद टाकले तरी तो ५९ टक्क्यांच्या आसपास थांबतो, हे ए. जे. सी. विल्सन यांनी १९५० साली दाखवलं. आर-मर्जला असं छतच नाही. ठिपके फिकट होत जातात तसा त्याचा भाजक शून्याकडे जातो आणि तो शंभर, दोनशे, वाटेल तिथे पोचतो. त्या आकड्यावर चाळीस टक्क्यांची रेघ मारण्याला काही आधार नव्हता. परंपरा होती, बस.

माझ्या कात्रीची किंमत काय झाली? ठिपक्यांची संख्या रेझोल्यूशनच्या, म्हणजे त्या अँगस्ट्रॉमच्या आकड्याच्या, घनाच्या व्यस्त प्रमाणात वाढते. २.८वरून २.३ अँगस्ट्रॉमला गेलं की ते सुमारे १.८ पट होतात. तेवढ्या माहितीवर मी पाणी सोडलं होतं. उरलेल्या मोजमापांतून जो इलेक्ट्रॉन घनतेचा नकाशा निघाला, त्यात एन्झाइमच्या खाचेत एक विस्कटलेला ढग होता. पाण्याचे रेणू असतील, असं आम्ही ठरवलं. "इन्हिबिटर सक्रिय जागी बसलेला आढळत नाही," हे वाक्य मी प्रबंधात लिहिलं. त्या एका वाक्यामुळे माझ्या मित्राने ती सगळी मालिका बंद केली आणि दुसऱ्या विषयाकडे वळला. तो काहीच बोलला नाही. "डेटा क्लीन आहे म्हणतेस ना? मग झालं तर," एवढंच म्हणाला.

२०१२ साली 'सायन्स'मध्ये कार्प्लस आणि डिडरिक्स यांचा आणखी एक छोटा निबंध आला. तेव्हा मी पोस्टडॉक करत होते. आमच्या गटात तो मोठ्याने वाचला गेला आणि मी खुर्चीत आक्रसून बसले. त्यांनी सांगितलं ते असं. प्रत्येक ठिपक्याची मोजमापं चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वाटा, दोन्ही गटांची वेगवेगळी सरासरी घ्या आणि या दोन सरासऱ्या एकमेकींशी किती चालीत चालतात, त्याचा सहसंबंध गुणांक काढा. तो सीसी-हाफ. एक म्हणजे पूर्ण जुळणी, शून्य म्हणजे नुसता गोंगाट. त्यावरून आणखी एक सूत्र. सीसी-हाफची दुप्पट, भागिले एक अधिक सीसी-हाफ, त्याचं वर्गमूळ. हा सीसी-स्टार. आपल्या मोजमापांचा न दिसणाऱ्या खऱ्या किमतींशी किती सहसंबंध असेल, याचा तो अंदाज. सीसी-हाफ ०.३ असेल तर सीसी-स्टार ०.६८ येतो. म्हणजे निम्मे निम्मे गट एकमेकांशी जेमतेम बोलत असले, तरी दोघांची मिळून सरासरी सत्याशी बऱ्यापैकी बोलते. क्रायो-ईएमवाले, म्हणजे गोठवलेले रेणू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने बघणारे, ०.१४३ला रेघ मारतात, तीही याच सूत्रातून येते. त्या किमतीला उत्तर बरोब्बर अर्धं निघतं.

माझ्या मूळ फ्रेम्स कुठे होत्या? सिंक्रोट्रॉनने त्या केव्हाच पुसल्या होत्या. प्रोटीन डेटा बँकेत २००८पासून मोजमापांचे आकडे जमा करणं सक्तीचं आहे, पण कच्च्या चित्रांची सक्ती नाही. आणि जमा केले असते तरी मी छाटलेलेच आकडे जमा केले असते. सुदैवाने एक हार्ड डिस्क सांगलीला आईच्या कपाटात, घराच्या कागदपत्रांच्या पिशवीत होती. "महत्त्वाचं आहे, जपून ठेव" असं मी कधीतरी म्हटलं होतं आणि आईने ते खरंच ऐकलं होतं.

सगळ्या ३६० फ्रेम्स घेतल्या. २.३ अँगस्ट्रॉमला बाहेरच्या शेलचा आर-मीझ १४० टक्के, संकेत आणि गोंगाट यांचं गुणोत्तर (आय-ओव्हर-सिग्मा) १.१, सीसी-हाफ ०.४. जुन्या मला हे आकडे बघून चक्कर आली असती. पण आकडे बघून ठरवायचं नव्हतं, मॉडेलला विचारून ठरवायचं होतं. तेच मॉडेल २.८पर्यंतच्या डेटावर सुधारलं, मग २.६, २.४, २.३पर्यंतच्या डेटावर. आणि दर वेळी दोन्ही मॉडेलांचा आर-फ्री एकाच, म्हणजे जुन्या मर्यादेपर्यंतच्या ठिपक्यांवर मोजला. जास्तीचा डेटा निव्वळ कचरा असता तर आर-फ्री चढला असता. तो दर पायरीला थोडा थोडा उतरला. याला जोडीने सुधारणं म्हणतात, पेअर्ड रिफाइनमेंट. कात्री कुठे लावायची हा वाद असेल तिथे हे एवढंच करा. अर्धा दिवस जातो, पण मग कुणाच्या सरांनी काय सांगितलं होतं याला महत्त्व उरत नाही.

आणि खाचेतला तो ढग? त्याला आकार आला. इन्हिबिटर बसलेला होता. आम्ही ज्या दिशेने तोंड करून शोधत होतो, त्याच्या उलट तोंड करून.

इथे गोष्ट संपली असती तर मी शहाणी झाले असते. पण नव्याची नवलाई असते. पुढची दोन वर्षं मला सीसी-हाफशिवाय काही दिसेना. कुणी डेटा आणला की मी पहिला प्रश्न तोच विचारायची आणि आकडा चांगला असला की पुढचं काही बघायची नाही. 'एक्सडीएस' या प्रोग्रामच्या तक्त्यात सीसी-हाफ गोंगाटाच्या वर ठामपणे असेल तर आकड्याशेजारी चांदणी येते. त्या चांदण्या मी परीक्षेतल्या मार्कांसारख्या मोजायला लागले.

मग आला तो षटकोनी स्फटिक. सुरेख दिसायचा, कापलेल्या हिऱ्यासारखा. २ अँगस्ट्रॉमपर्यंत ठिपके, आर-मीझ ६ टक्के, सीसी-हाफ आतल्या शेलमध्ये ०.९९९. सममिती ठरवणाऱ्या प्रोग्रामने तीनपदरी अक्षावर आणखी एक दुपदरी अक्ष सुचवला आणि त्या सममितीत सगळं इतकं जुळत होतं, की शंकेला जागाच नव्हती. या प्रोग्रामाचं नाव 'पॉइंटलेस'. त्याच्या पुढचा, मोजमापं एकत्र करणारा, 'एमलेस'. दोन्ही फिल इव्हान्स यांचे. एक निरर्थक, दुसरा दिशाहीन. कंटाळवाण्या कामातही माणूस हसू शोधतोच. असो. मॉडेल बसलं, पण आर-फ्री ३६च्या खाली उतरेना. चार महिने आम्ही मॉडेललाच दोष देत बसलो. साखळी इथे मोडली असेल, तिथे वळली असेल.

शेवटी एका एम.एस्सी.च्या मुलीने, जिला अजून कुठलेही नियम कुणी शिकवले नव्हते, एक आलेख आणून दाखवला. "मॅडम, ही रेघ इथे असायला हवी ना? मग ती भलतीकडेच का जातेय?"

तो एल-टेस्ट होता. पडिला आणि येट्स यांनी २००३ साली दिलेली परीक्षा. जवळजवळच्या ठिपक्यांच्या तीव्रतेतला फरक त्यांच्या बेरजेने भागायचा, चिन्ह सोडून सरासरी घ्यायची. साध्या स्फटिकात ती ०.५ येते, पूर्ण जुळ्या स्फटिकात ०.३७५. आमची ०.३८ होती. आमचा स्फटिक एक नव्हताच. दोन भाग एकमेकांत असे वाढले होते, की दोघांचे ठिपके बरोब्बर एकमेकांवर पडत. दोन हार्मोनियम एकदम वाजाव्यात आणि ऐकणाऱ्याला एकच वाटावी, तसं. अशा बेरजेत फिकट ठिपके थोडे गडद होतात आणि गडद थोडे फिके, कारण एकाची उणीव दुसरा भरून काढतो. म्हणून तीव्रतेच्या वर्गाची सरासरी भागिले सरासरीचा वर्ग, जो एरवी २ येतो, तो १.५कडे घसरतो. हा आकडा आमच्या लॉगफाइलमध्ये पहिल्या दिवसापासून छापलेला होता. कुणी वाचला नाही.

आणि जुळणी इतकी सुंदर का होती? त्या जुळेपणामुळेच. जो दुपदरी अक्ष प्रोग्रामला दिसला, तो रेणूंच्या रचनेत नव्हता. दोन भागांच्या मांडणीत होता. ज्या ठिपक्यांच्या किमती वेगळ्या असायला हव्या होत्या, त्या बेरजेने सारख्या झाल्या होत्या. मोजमापं खोटी नव्हती. ती आपसात मनापासून जुळत होती. फक्त एकाच रेणूबद्दल बोलत नव्हती.

तेव्हापासून विद्यार्थ्यांना मी एक सांगते. सीसी-हाफ असो, आर-पिम असो, ही सगळी मोजमापांनी मोजमापांना दिलेली साक्ष आहे. जी चूक प्रत्येक मोजमापात सारखीच आहे, ती यांतल्या एकाही आकड्याला दिसणार नाही. जेफ्री चँग यांचं उदाहरण आमच्या क्षेत्रात सगळ्यांना माहीत आहे. त्यांच्या गटाच्या एका घरगुती प्रोग्रामने मोजमापांच्या जोडीतल्या दोन रकान्यांची अदलाबदल केली होती. त्यामुळे पेशीच्या आवरणातून पदार्थ ने-आण करणाऱ्या प्रथिनांच्या रचना उलट्या हाताच्या निघाल्या. २००६मध्ये स्वित्झर्लंडमध्ये डॉसन आणि लोकर यांनी तशाच एका प्रथिनाची रचना छापली, ती जुळेना, तेव्हा ते उघड झालं. पाच शोधनिबंध मागे घ्यावे लागले. रकाने आपसांत बदलले तर रकान्यांची आपसातली जुळणी बिघडत नाही. कुठलाही आर आणि कुठलाही सीसी तिथे हात वर करणार नव्हता.

काही बारीकसारीक गोष्टी, ज्या मला ठेचा खाऊन कळल्या.

सीसी-हाफ शेलनिहाय वाचा. संपूर्ण डेटाचा एकच आकडा जवळजवळ नेहमी ०.९९च्या वर असतो. आतले ठिपके गडद आणि बाहेरचे फिके, एवढ्यावरच दोन गट चालीत चालतात. त्या आकड्याचा अर्थ इतकाच की डिटेक्टर चालू होता.

एका शेलमध्ये आकडा अचानक घसरला किंवा अचानक चढला तर बर्फ आठवा. ३.९०, ३.६७, ३.४४, मग २.६७, २.२५ अँगस्ट्रॉमला बर्फाची वर्तुळं येतात. पुण्याच्या पावसाळ्यात नायट्रोजनच्या झोतात तो नायलॉनचा फासा चढवताना दोन सेकंद जास्त गेले तरी ती येतात. तेवढे पट्टे काढा, पण त्यामुळे पूर्णता, म्हणजे मिळायला हव्या त्या ठिपक्यांपैकी मोजलेल्यांचं प्रमाण, किती घटली तेही तक्त्यात लिहा.

स्फटिक एका दिशेने चांगला आणि दुसऱ्या दिशेने वाईट असेल तर शेलची सरासरी दोन्ही बाजूंनी फसवते. चांगल्या दिशेचे गडद ठिपके सीसी-हाफ फुगवतात, वाईट दिशेचा गोंगाट आर-मीझ फुगवतो. एका शेलला एक आकडा पुरत नाही, दिशेनुसार बघावं लागतं.

'सगळ्या फ्रेम्स घ्या' हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगत असले तरी त्याला एक अपवाद आहे आणि तो मोठा आहे. क्ष-किरणांनी स्फटिक मरतो. १९९० साली रिचर्ड हेंडरसन यांनी गोठवलेल्या स्फटिकासाठी २० मेगाग्रेची मर्यादा सुचवली. २००६मध्ये एल्स्पेथ गार्मन यांच्या गटाने प्रत्यक्ष मोजून ३० सांगितली. पण त्याच्या खूप आधीच सल्फरचे पूल तुटायला लागतात, कार्बोक्सिल गट गळायला लागतात. अशा वेळी शेवटच्या फ्रेम्स वेगळ्याच रेणूच्या असतात. सीसी-हाफ काढताना चिठ्ठ्या टाकल्यामुळे जिवंत आणि मेलेल्या फ्रेम्स दोन्ही गटांत सारख्याच वाटल्या जातात आणि आकडा गोड राहतो. म्हणून आर-मीझ फ्रेम क्रमांकावर मांडून बघा. रेघ सपाट असेल तर सगळ्या घ्या. शेपटाकडे चढत असेल तर शेपूट कापा. मात्र काय कापलं आणि का, ते लिहून ठेवा. मी कापलं यात एवढं वाईट नव्हतं. आकडा हवा तसा येईपर्यंत कापत राहिले आणि कुठे लिहिलं नाही, हे वाईट होतं.

जुळे स्फटिक असण्याची शंका आली तर आर-फ्रीसाठी ठिपके बाजूला काढताना जुळ्या भावंडांना, म्हणजे एकमेकांवर पडणाऱ्या ठिपक्यांना, एकाच खोलीत ठेवा. एक सुधारणेत आणि दुसरा परीक्षेत गेला, तर पेपर आधीच फुटलेला असतो.

आणि कच्ची चित्रं जपा. लॉगफाइल आणि छापील तक्ता वेगळे. चित्रं. दोन जागी, दोन गावांत.

मित्र आता हैदराबादला एका औषध कंपनीत रक्तदाबाच्या गोळ्यांवर काम करतो. नवा नकाशा मी त्याला पाठवला तेव्हा त्याचं उत्तर मध्यरात्री आलं. "उलटा बसला होता होय! मग माझा सात नंबरचा कंपाउंड बघायला हवा होता, त्याची शेपटी तिकडेच होती." सात नंबरच्या कंपाउंडची कुपी केव्हाच फेकली गेली होती.

मागच्या उन्हाळ्यात मी माझ्या जुन्या संस्थेच्या ग्रंथालयात गेले. प्रबंध मागवला आणि त्या तक्त्याच्या पानावर पेन्सिलीने दोन ओळी लिहायला घेतल्या. ग्रंथपाल बाई उठूनच आल्या.

"मॅडम, पुस्तकात लिहायचं नाही."

"अहो, माझाच प्रबंध आहे हा."

"कुणाचाही असो. आता ग्रंथालयाचा आहे."

मग त्यांनीच एक पिवळी चिठ्ठी दिली. मी त्यावर लिहिलं: फ्रेम्स १ ते १२० फक्त, एकूण ३६०, इन्हिबिटर आहे, पुढचा निबंध बघा. त्यांनी चिठ्ठी पानाला डकवली, तिच्यावर ग्रंथालयाचा शिक्का मारला, तारीख घातली आणि "सही?" असं विचारत पेन पुढे केलं.